सुई हातात द्या, इहीणबाई

विहीणबाई,

तुम्हाला हिरव्या बांगड्या भरताना बाकीच्या बायका रडत होत्या आणि मी तुमचा अंगठा बघत होते. डाव्या हाताचा. अंगठ्याच्या पेरावर आणि शेजारच्या बोटावर सुई टोचल्याच्या खुणा होत्या, काही वाळलेल्या, काही अगदी ताज्या. नव्यानं शिवायला बसलेल्या पोरीच्या बोटाला असतात तशा. अख्ख्या चकलांब्यात जिच्यासारखा टाका कुणाचा नाही म्हणतात, तिचं बोट असं का, म्हणून माझ्या मनात पाल चुकचुकली. समोर माणूस गेलेलं, आणि माझं हे चाललेलं. तुम्हाला बोलता आलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, "इहीणबाई, आता तरी तपासनी सोडा की."

नाही सुटत. आमची पिठाची गिरणी. तीस वर्षं झाली त्या पट्ट्याच्या आवाजात बसून. दळण आणणारी प्रत्येक बाई पीठ कमी भरलं म्हणून माझ्याकडे बघते, आणि मी तिनं ज्वारी ओली आणली म्हणून तिच्याकडे. माणूस काही बोललं की ते कशासाठी बोललं, हे मी आधी शोधते. उमापुरात माझी ख्याती आहे तशी. तुमच्या कानावर ती सोयरीक जुळायच्या आधीच गेली असणार, कारण तुम्ही पहिल्या दिवसापासून माझ्याशी जपून बोलायचात. का मलाच तसं वाटायचं?

मंगळवारी सकाळी शेळ्यांना पाला टाकून तुम्ही ओट्यावर टेकलात आणि टेकलात त्या उठलाच नाहीत. सुनीताचा, म्हणजे माझ्या लेकीचा आणि तुमच्या सुनेचा, अंबाजोगाईहून फोन आला तेव्हा माझ्या तोंडून पहिल्यांदा निघालं, "खरं का?" लेक चिडली. म्हणाली, "आई, हे पण खोटं वाटतं का तुला?" काल तुमचं तेरावं झालं. आज मी घरी आहे आणि तुमचा शिवणाचा डबा आणि आपली अर्धवट गोधडी माझ्यासमोर आहे. तीन महिने आपण एकमेकींशी बोललो नाही. आता मला बोलायचंय आणि तुम्हाला ऐकून घ्यावंच लागेल.

आधी मोराचं सांगून टाकते.

आठ वर्षं झाली लग्नाला. रुखवत मांडलं होतं. लोकरीचं तोरण, मण्यांचा गणपती, नारळाला गुंडाळलेले दोरे, आणि मधोमध टेबलावर तो पांढरा रुमाल, त्यावर दोन मोर. खाली चिठ्ठी होती, "कु. सुनीता हिने केले." वराकडच्या बायका येऊन बघत होत्या, छान छान म्हणत होत्या. तुम्ही आलात. रुमालाचं टोक दोन बोटांत धरलंत, उलटं केलंत आणि मागची बाजू बघितलीत. सगळ्यांसमोर. मग माझ्याकडे बघून म्हणालात, "मागची बाजू लई साफ हाय."

झालं. आठ वर्षं ते वाक्य माझ्या डोक्यात अडकलंय. कौतुक म्हणून बोललात की टोमणा म्हणून? पोरीनं हातानं भरलेल्या कापडाच्या मागं गाठी असतात, दोरे इकडून तिकडं ओढलेले असतात, हे मला नंतर तुमच्याकडूनच कळलं. तेव्हा तुम्हाला कळलं होतं ना? मोर गेवराईच्या दुकानातून आणले होते, विहीणबाई. चिठ्ठी माझ्या अक्षरात होती. सुनीताला तेव्हा बटण लावता येत नव्हतं, परीक्षा होती तिची. घ्या, केलं कबूल. तुम्ही कधी उघड विचारलं नाहीत, म्हणून मी कधी उघड सांगितलं नाही. पण कुठलंही कापड हातात आलं की तुम्ही ते उलटं करायचात आणि मी दुसरीकडे बघायचे.

मग सुनीताचं पहिलं बाळंतपण आलं, रीतीप्रमाणं माझ्याकडे. नात झाली. पाचवी झाली आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही पिशवी घेऊन हजर. पिशवीत तुमच्या सासूबाईंच्या इरकली लुगड्याचा तुकडा. म्हणालात, "कुंची शिवायची. दोघींनी." मला वाटलं, बघायला आल्या, सुनेला नीट खायला-प्यायला घालतात का. कुंचीचं निमित्त.

पण तुम्ही खरंच सतरंजी पसरून बसलात. मला कापड धरायला लावलंत. कापड मी गिरणीच्या पोत्यासारखं धरलं, तर म्हणालात, "आवळू नका वो, बाळाच्या डोक्यावर जायचंय ते." मला टीप घालायला दिलीत आणि मी हात पुढे केला, सुई मागितली. तुम्ही सुई माझ्या हातात दिली नाहीत. सतरंजीवर ठेवलीत.

"हातात कावून दिली न्हाई?" मी विचारलं. माझ्या डोक्यात एकच, गिरणीवालीच्या हाताला हात लागू नये म्हणून असणार.

"सुई हातोहात दिली की दोघीत भांडान लागतंय," तुम्ही म्हणालात. "आन आपन तर इहिणी. आपल्याला लई जपाया पायजे."

ते मात्र मला पटलं. मुलीच्या आईला भांडण परवडत नाही. आपण दोघी तोंडानं भांडणार आणि त्याची झळ लागणार माझ्या लेकीला, हे तिच्या हळदीच्या दिवसापासून मी मनाशी बांधून ठेवलेलं. तुम्ही मोराचा रुमाल उलटा केलात तेव्हासुद्धा मी गप्प बसले ते त्याच भीतीनं. म्हणून त्या दिवसापासून मी सुईचा नेम पाळला. तुम्ही ठेवायची, मी उचलायची. मी ठेवायची, तुम्ही उचलायची. कुंची झाली तेव्हा तिची डावी बाजू उजवीपेक्षा लांब होती आणि नात तिच्यात वाकडी मान करून बघायची. तुम्ही हसून हसून डोळे पुसलेत. मी आपली बघत होते, हसताय ते कुंचीला की मला.

तिथून ते बाजाराचं सुरू झालं. उमापूरच्या बाजाराच्या दिवशी तुम्ही जीपनं यायचात, भाजी घ्यायचात आणि दुपारी माझ्याकडे टेकायचात. सुनीता आणि जावई अंबाजोगाईला राहायला गेले, नात तिकडेच, मग तर तुम्हाला यायला काही कारणच उरलं नव्हतं. तरी यायचात. मी कारण शोधत बसायचे. सुनीता तिकडून मोबाइलवर शिवणाचे व्हिडिओ पाठवायची, "तुम्ही दोघी हे करून बघा." आणि आपण बघायचो. जुन्या जीन पँटची पिशवी केली, तिची चेन मी उलटी बसवली, आत हात घातल्याशिवाय उघडायचीच नाही. फुटक्या बांगड्यांना रेशीम गुंडाळून तोरण केलं, ते बरं झालं. जावयाच्या मोज्यात कापूस भरून नातीला ससा केला. त्याचे कान तुम्ही शिवले, तोंड मी. ते पोर त्याला बघून रडत पळालं आणि जावई म्हणाले, "आई, ही घूस कुणी केली?" तुम्ही लगेच म्हणालात, "दोघींनी मिळून." तोंड माझं होतं, हे सांगितलं नाहीत. तेव्हा मी आभार मानले नाहीत. ह्या उपकाराची परतफेड कुठे मागतील, ह्या विचारात होते. आता मानते.

आणि तुमचं ते "उसवा". माझी ओळ वाकडी गेली की एकच शब्द. चार टाके वाकडे असले तरी, चाळीस असले तरी. कापड उलटं करायचं, बघायचं, माझ्यासमोर ठेवायचं. "उसवा." नाकाला मिरच्या झोंबायच्या माझ्या. पण उसवायचे. दोन-तीन वर्षांत माझा टाका बऱ्यापैकी सरळ पडायला लागला, हे आज तुमच्यासमोर कबूल करायला काय हरकत आहे?

मग दोन वर्षांपूर्वी तुम्ही बदललात. मी ते सगळं टिपून ठेवलं, विहीणबाई. एक खूण माझ्या नजरेतून सुटली नाही. फक्त तिचा अर्थ प्रत्येक वेळी मी उलटा लावला.

आधी सुई ओवायचं. "तुमीच ओवा, माझी बोटं भाजीनं ओली हायत." मग दर वेळी. मग एक नाही, सहा-सात सुया एकदम ओवून त्या कापसाच्या उशीवर टोचून ठेवायच्या, आणि त्याही क्रमानं. डावीकडे पांढरा, मग लाल, मग हिरवा. मी म्हणायचे मनात, ही वरमाई शेवटी वरमाईच. मुलीकडच्यांना राबवून घेतल्याशिवाय हिचा जेवणाचा घास उतरत नाही. तोंडानं काही बोलले नाही. थुंकी लावून दोरा पिळायचे आणि शेवटी माझी तीन वेढ्यांची जाड गाठ मारायचे. तुम्हाला ती गाठ आवडायची नाही, म्हणायचात, पोत्याची गाठ हाय ही. पण नंतर तेही म्हणायचं सोडलंत.

मग व्याही तुम्हाला गाडीवरून थेट दारात सोडायला लागले. आधी जीपनं एकट्या यायचात, बाजार पालथा घालायचात. आता व्याही दाराशी गाडी लावून आत डोकावायचे. मला वाटलं, गिरणी किती चालते ते बघतात. लेकीच्या सासऱ्यानं गिरणीत डोकावायचं दुसरं कारण माझ्या डोक्यात येतच नव्हतं.

मग एका उशीच्या अभ्र्यावर तुम्ही वेलीची पानं लाल भरली आणि फूल हिरवं. मी म्हटलं, "हे काय?" तुम्ही म्हणालात, "नवी फ्याशन." मी दोन दिवस विचार केला, ह्यात मला काय सांगायचं असेल? आदल्या बाजारी मी सुयांच्या उशीवर लाल आणि हिरव्याची जागा चुकवली होती, हे आज लक्षात येतंय.

आणि सगळ्यात मोठं म्हणजे तुम्ही "उसवा" म्हणायचं बंद केलंत. आपण नातीसाठी गोधडी शिवायला घेतली होती, तुमच्या आणि माझ्या मिळून पाच जुन्या सुती साड्यांची. ओळीनं शिवत जायचं, एक ओळ तुमची, एक माझी, दोन्हींमध्ये बोटभर अंतर. त्यात माझी एक ओळ मधेच घसरली. कुणीतरी दळणाला हाक मारली, मी उठून गेले, परत येऊन शिवायला लागले ते खालच्या अंगाला वळलेच. माझं मलाच दिसत होतं. मी दोरा कापायला कात्री उचलली. तुम्ही ओळीवरून अंगठा फिरवलात, सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. आणि म्हणालात, "ऱ्हाऊ द्या."

"वाकडी हाय," मी म्हटलं.

"ऱ्हाऊ द्या की. कळतीय ती मला."

कळतीय म्हणजे काय? मी त्या रात्री जेवले नाही नीट. मला खात्री पटली की तुम्हाला माझं वाकडं काम पाहुण्यांत दाखवायचंय. बारशाला, मुंजीला, कुठेतरी ती गोधडी पसरायची आणि म्हणायचं, ही ओळ आमच्या इहीणबाईंची. रुखवताचा हिशेब पुरा करायचा.

आता त्या भांडणाच्या दिवसाचं.

त्याच्या पुढच्याच बाजाराचा दिवस होता. सात सुया ओवून दिल्या होत्या मी. तुम्ही एक उचलायला गेलात आणि ती उशीवरून सतरंजीवर पडली. मी उचलली, आणि नेमाप्रमाणं तुमच्यासमोर ठेवली.

"हातात द्या, इहीणबाई."

हे तुम्ही आधीही दोन-चार वेळा म्हणाला होतात आणि मी ऐकलं नाही असं दाखवलं होतं. माझ्या डोक्यात आधीपासून शिजत होतं की ज्या बाईनं मला हा नेम शिकवला, तिलाच आता तो मोडायचाय. म्हणजे तिला भांडण पाहिजे. भांडण कुणाला पाहिजे असतं? ज्याला सोयरीक नकोशी झाली त्याला.

"खाली ठेवली हाय," मी म्हटलं.

"हातात द्या म्हनते ना."

"तुमीच शिकवलं, हातात द्यायची न्हाई."

"मीच शिकवलं, मीच मोडते. द्या."

मी दिली नाही. तुम्ही तळवा सतरंजीवर टेकवलात आणि फिरवायला लागलात. सुई तुमच्या गुडघ्यापासून वीतभर. हातभर लांब लाल दोरा तिला. तुमचा हात तिच्या अलीकडून गेला, पलीकडून गेला. आणि तुम्ही मान वर करून माझ्याच दिशेनं बघत होतात, सुईकडे नाही. मला वाटलं, नाटक. गिरणीवालीनं विहिणीला जमिनीवर चाचपडायला लावलं, हे उद्या चकलांब्यात सांगायचं असेल.

"समोर पडलीय की. दिसत न्हाई का?" मी म्हणाले. आणि तेवढ्यावर थांबले नाही. "भांडायचंच असलं तर सुई कशाला पायजे? अशाच भांडा. पन माझ्या लेकीला मधी घेऊ नका."

तुमचा हात थांबला. तुमच्या तोंडावर जे आलं ते राग नव्हता, एवढं मला तेव्हाही कळलं होतं. राग असता तर बरं झालं असतं. तुम्ही गोधडीची घडी केलीत, उशी डब्यात ठेवलीत, डबा पिशवीत. उठलात, भिंतीला हात लावत दारापर्यंत गेलात आणि उंबऱ्यावर बसलात. व्याही येईपर्यंत, चांगला तासभर. मी आत गिरणी सुरू करून बसले. लोकांचं दळण नव्हतं, तरी सुरू केली. मला वाटलं, गल्लीला दाखवायला बसल्यात. रुसून जायचं असतं तर माणूस जीप धरतं, बसतं कशाला? उंबऱ्यापुढं एकटीनं जाता येत नाही म्हणून कुणी बसतं, हे माझ्या मनाला शिवलं नाही. साऱ्या गावाची लबाडी मला पिठाच्या वासावरून कळते म्हणायचे मी.

तुम्ही गेल्यावर सतरंजी झटकली तेव्हा सुई सापडली. दोरा ओवलेला तसाच. ती मी भिंतीवरच्या कॅलेंडरला टोचून ठेवली. नंतर महिन्याचं पान फाडायचं आलं की सुई काढायची आणि पुढच्या पानाला टोचायची. तीन पानं झाली अशी.

तीन महिने सुनीता दोन्हीकडे विचारत होती, काही झालंय का. मी म्हणायचे, काही नाही. तुम्हीही म्हणायचात, काही न्हाई. ह्या एका बाबतीत आपण दोघी एकमेकींना न विचारता एकसारखं खोटं बोललो. दर बाजाराला दुपारी मी सतरंजी पसरायचे आणि मग, झाडायला घेतली होती असं स्वतःलाच दाखवून गुंडाळून ठेवायचे. फोन करावा असं वाटायचं. मग वाटायचं, वराकडच्यांनी आधी करावा. मग वाटायचं, त्यांनी केला तर कशासाठी केला असेल?

काल तेराव्याला जेवणं उरकली आणि मी व्याह्यांपुढं जाऊन बसले. सरळ विचारलं. "बाईंच्या बोटाला टोचलं कशानं?"

ते बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिले. म्हणाले, "साखरेनं डोळे गेलते. डावा तर आधीच गेलता. उजव्यानं नुसता उजेड कळायचा. अंबाजोगाईला दाखवलं, लेट झालं म्हनले. पोराला सांगू दिलं न्हाई तिनं, सुनंला न्हाई. तुमाला तर अजिबात न्हाई."

"मला कावून न्हाई?"

"म्हनायची, इहीणबाईला कळलं तर ती सुईला हात लावू देनार न्हाई. चहा पाजील, बसवून ठेवील. आन गोड बोलाया लागंल." व्याही थोडं हसले. "गोड बोलल्यावर तिकडं जाऊन काय करू, म्हनायची."

मी तोंडाला पदर लावला. लोकांना वाटलं, रडते. रडतच होते, पण हसूही आलं होतं, आणि तुमचा राग इतका आला होता की समोर असतात तर हात धरून गदागदा हलवलं असतं. दोन वर्षं! माझ्यासमोर बसून, माझ्यासारख्या बाईसमोर! एका शब्दानं सांगितलं असतं तर मी काय केलं असतं? खरं सांगू? मी तपासून बघितलं असतं. दोन बोटं दाखवून किती म्हणून विचारलं असतं. तुम्ही मला ओळखलं होतं.

मग व्याह्यांनी हा डबा आणि गोधडी माझ्या मांडीवर आणून ठेवली. म्हणाले, "तुमच्याकडून आली त्या दिवसापासून रोज दुपारी बसायची. हळूहळू. बोटाला टोचून घ्यायची, रगत चोखायची, पुन्हा शिवायची. सहा सुया होत्या ओवलेल्या. एका सुईत एक ओळ. सहावी सरली ती जायच्या दोन दिस आधी, ऐतवारी. मी म्हनलं, आन, मी ओवून देतो. तर न्हाई म्हनली."

"मग?"

"म्हनली, सातवी सुई उमापुरात हाय."

विहीणबाई, ह्याचा अर्थ मला सांगा. काल दुपारपासून मी त्याच्यावरच विचार करत बसलेय. सातवी सुई घ्यायला तुम्ही येणार होतात, की मी ती घेऊन यावी म्हणून वाट बघत होतात? तुम्ही मला माफ केलं होतं, की माझं नाक खाली यायची वाट बघत होतात? दोन्ही असू शकतं. तुम्हाला दोन्ही जमलं असतं. आणि तुम्ही आता सांगणार नाही, म्हणून मी जन्मभर हेच उलटंपालटं करत बसणार, हेही तुम्हाला ठाऊक असणार.

म्हणून आज सकाळी मी तुमच्यासारखं केलं. गोधडी उजेडात नेली आणि उलटी केली.

मागच्या बाजूला आधी माझी ती घसरलेली ओळ सापडली. मधेच खाली वळलेली. तिच्यापुढं तुमच्या सहा ओळी. पहिली बघितली आणि मला वाटलं माझेच डोळे बिघडले. तीही वळली होती. जिथं माझी वळली, बरोबर तिथं, तेवढीच. दुसरीही. तिसरीही. सहाच्या सहा. तुमच्यासारख्या बाईनं, चार टाके चुकले तर उसवायला लावणाऱ्या बाईनं, सहा ओळी वाकड्या शिवल्या होत्या. मी तुमच्यासारखा अंगठा ठेवला आणि डोळे मिटले. माझी ओळ जाड आहे, गाठी पोत्याच्या आहेत, बोटाला लगेच लागते. "कळतीय ती मला." तुम्ही तिच्यावर अंगठा ठेवून बोटभर अंतरानं चालत गेला होतात. मी वळले तिथं वळलात. धरायला रेघ तुम्हाला दुसरी कुठलीच नव्हती आणि माझी तर सरळही नव्हती.

प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला माझीच तीन वेढ्यांची गाठ आहे. आणि कापडावर कुठे कुठे बारीक तांबूस ठिपके आहेत. धुतले तर निघतील. मी धुणार नाही.

मला ओट्यावर सतरंजी टाकून गोधडी घेऊन बसलेली सुनीतानं पाहिलं. ती अजून चार दिवस इथं आहे. तिला सगळं सांगितलं, मोराच्या रुमालापासून. रुमालाचं ऐकून ती म्हणाली, "आई, त्यांना माहीत होतं. लग्नानंतर आठ दिवसांनी मीच सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, तुझ्या आईला सांगू नको, बिचारी झोपायची न्हाई."

आठ वर्षं, विहीणबाई! बरं, असू द्या.

सातवी ओळ शिवायची म्हणून मी सुनीताला म्हटलं, कॅलेंडरची सुई आण. लाल दोरा ओवलेलाच होता. तिनं आणली, आणि आपण दोघींनीच तिला शिकवलेलं, म्हणून ती वाकून माझ्यासमोर सतरंजीवर ठेवायला लागली. मी डोळे मिटून अंगठा तुमच्या सहाव्या ओळीवर धरला होता. दुसरा हात पुढे केला.

"हातात दे," मी म्हटलं.

ती थबकली. "आई, भांडण होतं ना पण?"

"होऊ दे."